सुपेर्गा शेवटी: वालेन्तिनो मात्सोलाच्या मागे चार दिवस

"माणूस जिथं गेला तिथनं सुरुवात करायची नाही. जिथं जन्मला तिथनं बघत जायचं," असं आण्णांनी कोल्हापुरातच सांगून टाकलं होतं. त्यामुळे तोरिनो शहराची सुपेर्गा टेकडी आम्ही शेवटच्या दिवसावर ठेवली. वालेन्तिनो मात्सोला हा तोरिनो फुटबॉल संघाचा कप्तान. 4 मे 1949 ला तो संघ घेऊन येणारं विमान याच टेकडीवर कोसळलं. त्यामुळे मात्सोला म्हटलं की इटलीतसुद्धा लोक आधी विमान अपघातच सांगायला लागतात. आण्णांना मात्र तो खेळाडू बघायचा होता.

आण्णा पेठेतल्या एका तालमीकडून पंधरा वर्षं फुटबॉलमध्ये हाफ, म्हणजे मधल्या फळीत, खेळले. शाहू स्टेडियमच्या मातीत त्यांचा गुडघा गेला तो गेलाच. धाकटी बहीण शिकायला मिलानला आहे, तिच्याकडे जायचं ठरल्यावर त्यांनी एकच अट घातली: 4 मे रोजी सुपेर्गावर असायचं. व्हिसा, तिकिटं सगळं सुरळीत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

दिवस पहिला, 1 मे: कास्सानो दाद्दा

मिलानहून त्रेविल्योकडे जाणारी एस-5 किंवा एस-6 ही उपनगरी गाडी पकडायची. अर्ध्या-पाऊण तासात आपण आद्दा नदीकाठच्या कास्सानोला उतरतो. 1 मे म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र दिन, तिकडे कामगारांचा दिवस. निम्मी दुकानं बंद, रस्ते शांत. सुट्टीच्या दिवशी गाड्या कमी असतात, तेव्हा परतीची वेळ उतरल्या-उतरल्या बघून ठेवावी.

26 जानेवारी 1919 ला वालेन्तिनो इथे जन्मला. घर गरिबाचं. तो लहान असतानाच वडिलांचं काम गेलं आणि पुढे ते अपघातात वारले. शाळा सुटली. आधी पाव भाजणाऱ्याकडे हरकाम्या, मग लिननच्या सुताच्या गिरणीत. गावातल्या गल्लीत चेंडू नसायचा म्हणून हा पोरगा पत्र्याचे रिकामे डबे लाथाडत फिरायचा. त्यावरून तिथल्या बोलीत त्याचं नाव पडलं 'तुलेन', म्हणजे डबडं. हे बहिणीने सांगितल्यावर आण्णा रस्त्यातच थांबले. "डबा ऐसपैसचा गडी म्हणायचा की हा!"

आम्ही पूल ओलांडून नदीकडे उतरलो. आल्प्सचं बर्फ वितळून आलेलं पाणी, हिरवट, चांगल्या ओढीचं. वर विस्कोन्तींच्या किल्ल्याची भिंत थेट नदीवर झुकल्यासारखी उभी. काठावर उभं राहून ते पाणी नुसतं बघितलं तरी पोटात गोळा येतो. याच आद्दामध्ये दहा-एक वर्षांच्या वालेन्तिनोने उडी मारून बुडणाऱ्या एका लहान मुलाला बाहेर काढलं. त्या मुलाचं नाव आन्द्रेआ बोनोमी. तो पुढे मोठा होऊन ए. सी. मिलानचा कप्तान झाला! एकाच गावचे दोघे, एकाने दुसऱ्याला पाण्यातून ओढलेलं, आणि दोघेही मोठ्या संघांचे कप्तान. आण्णा पंजा पाण्यात बुडवून बसले. "बर्फ हाय गं हे," एवढंच म्हणाले.

काठावर एक आजोबा गळ टाकून बसले होते. बहिणीने मात्सोलाचं नाव काढताच त्यांनी गळ बाजूला ठेवला. त्यांच्या वडिलांनी त्याला गिरणीतून सुटल्यावर नदीकाठच्या मोकळ्या जागेत खेळताना पाहिलं होतं म्हणे. "उंच नव्हता," ते हाताने आपल्या भुवईपर्यंत माप दाखवत म्हणाले, "पण डोक्याने चेंडू मारायला असा उडायचा." मग त्यांनी आण्णांच्या गुडघ्याकडे बोट दाखवून विचारलं, हाफ की फॉरवर्ड? नुसत्या चालण्यावरून त्यांनी ओळखलं होतं. पुढचा अर्धा तास बहिणीला दोघांच्या मधे दुभाषी म्हणून उभं राहावं लागलं.

दुपारी पोलेन्ता खाल्ली. मक्याच्या पिठाची घट्ट शिजवलेली उकड, वर चीज. आण्णांना लसणीच्या तिखटाची आठवण आली. ते आम्ही बरोबर नेलं होतंच.

मिलानला परतल्यावर पोर्तेल्लो भागातून चक्कर मारली. इथे अल्फा रोमिओचा कारखाना होता. गावच्या संघातून हेरून कंपनीने मात्सोलाला आपल्या संघात घेतलं, त्याबरोबर मेकॅनिकची नोकरीही दिली. आता कारखाना गेला, नव्या इमारती आणि दुकानं आली आहेत. मुंबईत गिरणीच्या जागी मॉल बघितलेल्या माणसाला हे नवीन वाटणार नाही.

दिवस दुसरा, 2 मे: व्हेनिस

व्हेनिसला लोक गोन्डोला बघायला जातात. आम्ही स्टेशनबाहेरून जलबस पकडली आणि सान मार्को मागे टाकून सान्तेलेनाच्या थांब्यापर्यंत बसून राहिलो. शहराचं हे पूर्वेकडचं टोक. गर्दी इथे पोचत नाही. पाइनची झाडं, वाळत घातलेले कपडे, बाकांवर गप्पा मारणाऱ्या बायका, आणि एका जुन्या चर्चला खेटून फुटबॉलचं स्टेडियम. व्हेनिसला जाणाऱ्याला माझा एकच सल्ला: एक दुपार सान्तेलेनाला द्या. पाण्याची बाटली भरून घ्या, या बाजूला दुकानं कमी आहेत.

1913 सालचं हे मैदान. सामन्याला लोक इथे होडीने येतात. 1939 च्या सुमारास मात्सोला नौदलात सक्तीची सेवा करायला व्हेनिसला आला आणि क्लबच्या निवड चाचणीला गेला. जवळ बूट नव्हते, म्हणून तो अनवाणी खेळला, असं सांगतात. ते ऐकून आण्णांना आपलं ऐंशी साल आठवलं. तेव्हा पहिले बूट मिळेपर्यंत त्यांनी पायाला पट्ट्या गुंडाळून सामने काढले होते. "अनवाणी पायाला चेंडू जास्त कळतोय," ते म्हणाले. हे वाक्य मी लहानपणापासून शंभरदा ऐकलंय. तिथे, त्या कुंपणापाशी, पहिल्यांदा नीट ऐकलं.

इथेच त्याला एत्सिओ लोइक भेटला, फियुमे बंदराचा. दोघांची जोडी जमली आणि 1941 मध्ये व्हेनेत्सियाने, म्हणजे व्हेनिसच्या क्लबने, इटालियन कप जिंकला, पुढच्या मोसमात लीगमध्ये तिसरा क्रमांक मिळवला. लहान क्लबसाठी हे फारच मोठं. एका सामन्यात या दोघांनी तोरिनोच्या संघाला हैराण केलं, आणि तोरिनोचे अध्यक्ष फेरुच्चो नोवो यांनी 1942 मध्ये दोघांनाही उचललं. रक्कम बारा लाख लिऱ्यांच्या घरात गेली. त्या काळात लोकांचे डोळे पांढरे झाले असतील.

स्टेडियमच्या नावाने मला दिवसभर सोडलं नाही. पिएर लुइजी पेन्त्सो हा वैमानिक. 1928 मध्ये उत्तर ध्रुवाकडे हरवलेल्या 'इतालिया' हवाई जहाजाच्या लोकांना शोधायला तो गेला होता आणि परत येताना फ्रान्समध्ये त्याचं विमान कोसळलं. म्हणजे मात्सोलाने नाव कमावलं ते विमान अपघातात गेलेल्या माणसाच्या नावाच्या मैदानावर. हे मी आण्णांना सांगितलं नाही. तो दिवस त्यांना खेळाचाच ठेवायचा होता.

परतीच्या वाटेवर उभ्या-उभ्या खायचं दुकान सापडलं. पावाच्या छोट्या तुकड्यावर वाळवलेल्या कॉड माशाचं लोण्यासारखं घोटलेलं वाटण. सुका मासा म्हटल्यावर आण्णांनी नाक मुरडलं, आणि मग चार खाल्ले.

दिवस तिसरा, 3 मे: तोरिनो

मिलानहून वेगवान गाडीने तासाभरात तोरिनो, आपण ट्युरिन म्हणतो ते. पोर्ता नुओवा स्टेशनातून बाहेर पडलं की सरळ रेषेतले रस्ते आणि लांबच लांब कमानींचे पडवीवजा फुटपाथ. पावसात छत्रीशिवाय अर्धं शहर फिरता येईल.

ट्रामने फिलादेल्फिया रस्त्यावर गेलो. 1926 मध्ये उघडलेलं मैदान 1997 मध्ये पाडलं, आणि वीस वर्षं तिथे गवत वाढत राहिलं. 2017 मध्ये ते नव्याने उभं राहिलं. आता तोरिनो इथे सराव करतो. जुन्या स्टँडचे काही तुकडे तसेच ठेवलेत. काँक्रीटच्या पायऱ्या, कडा झिजलेल्या, फटींत गवत. आण्णांनी त्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

इथे जे घडायचं ते ऐकण्यासारखं आहे. सामना अडला, संघ ढेपाळला, की स्टँडमधून ओरेस्ते बोल्मिदा नावाचा रेल्वेतला माणूस बिगुल वाजवायचा. तो सूर ऐकला की कप्तान मात्सोला सदऱ्याच्या बाह्या वर सरकवायचा. बस्स, एवढीच खूण. पुढची पंधरा मिनिटं समोरच्याची खैर नसे. तोरिनोचा रंग डाळिंबी, त्यांच्या भाषेत 'ग्रानाता', आणि तो शब्दही डाळिंबाचाच. म्हणून याला 'डाळिंबी पाव तास' म्हणत. 30 मे 1948 ला रोमच्या लात्सिओ संघाने त्यांना 0–3 मागे टाकलं होतं. सामना तोरिनोने 4–3 जिंकला. 1946 मध्ये रोमला जाऊन पहिल्या 19 मिनिटांत सहा गोल केले. जानेवारी 1943 नंतर तो संघ या मैदानावर लीगचा एकही सामना हरला नाही, विमान कोसळेपर्यंत.

पाच विजेतेपदं सलग: 1943, मग युद्धानंतर 1946, 47, 48, 49. 1943 मध्ये लीग आणि कप दोन्ही. इटलीत हे आधी कुणाला जमलं नव्हतं. 1947–48 च्या मोसमात 40 सामन्यांत 125 गोल. मात्सोलाने त्याआधीच्या मोसमात एकट्याने 29 मारले, आणि तो काही नुसता पुढे उभा राहून वाट बघणारा नव्हता. आपल्या गोलपाशी येऊन चेंडू काढायचा, मध्यावर द्यायचा, पुन्हा पुढे जाऊन डोकं लावायचा. आण्णांच्या भाषेत, "सगळीकडं असणारा."

11 मे 1947 ला तोरिनो शहरात इटली हंगेरीविरुद्ध खेळली, तेव्हा इटलीच्या अकरांपैकी दहा जण तोरिनोचे होते. उरलेला एक गोलकीपर, तोही शेजारच्या युव्हेन्टसचा. समोर हंगेरीचा नामवंत फॉरवर्ड पुश्काश होता. इटलीने 3–2 जिंकलं.

दुपारी ग्रुल्यास्कोला गेलो. शहराला लागून असलेल्या या गावात एका जुन्या हवेलीत संघाचं संग्रहालय आहे. ते फक्त शनिवार-रविवारी उघडतं, स्वयंसेवक चालवतात. वेळा आधी बघूनच निघा, नाहीतर हेलपाटा ठरलेला. आम्हाला शनिवार सापडला.

पहिल्याच दालनात विमानाचा पंखा ठेवलाय. पाती वाकलेली, एखाद्या केळीच्या पानासारखी मुडपलेली. शेजारी टायर. आणि खेळाडूंच्या बॅगा. कातडं आक्रसलंय, कड्या गंजल्यात, पण बॅगच ती, कुणीतरी लिस्बनच्या हॉटेलात सकाळी घाईने भरलेली.

आम्हाला फिरवणाऱ्या काकूंनी तिथे फार थांबू दिलं नाही. "आधी वर चला, ते जिवंत असलेले बघा," म्हणाल्या. आण्णांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. वर फोटो होते. युद्धाच्या दिवसांत फियाटच्या नावाने खेळणारा संघ. आघाडीवर पाठवू नये म्हणून खेळाडू कारखान्याच्या पटावर घेतले होते. एर्नो एर्बस्टाइन, हंगेरीचा ज्यू प्रशिक्षक. 1938 च्या वंशभेदी कायद्यांमुळे त्याला इटली सोडावी लागली, तो बुडापेस्टच्या श्रमछावणीतून वाचला आणि युद्ध संपल्यावर याच संघाकडे परत आला. मात्सोलाने शहरात खेळाच्या सामानाचं दुकान काढलं होतं, त्याची गोष्ट. मुलगा सान्द्रो, तोरिनोच्या छोट्या सदऱ्यात, बापाबरोबर फिलादेल्फियावर. धाकट्याचं नाव बापाने क्लबच्या अध्यक्षांवरून फेरुच्चो ठेवलं.

1948 मध्ये हा संघ ब्राझीलला जाऊन आला. पुढे तिथल्या एका तरुण फॉरवर्डचा चेहरामोहरा बघून लोक त्याला मात्सोलाच म्हणायला लागले, आणि झोझे अल्ताफिनी 1958 चा विश्वचषक त्याच नावाने खेळला. काकूंनी हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा मोकळ्या हसल्या.

संध्याकाळी बिचेरीन प्यायलो. काचेच्या ग्लासात खाली गरम चॉकलेट, मधे कॉफी, वर साय. ढवळायचं नाही, थरातूनच प्यायचं. आण्णांनी ढवळलं. वाढणाऱ्या मुलीने काही न बोलता त्यांना दुसरा ग्लास आणून दिला आणि पैसे घेतले नाहीत.

दिवस चौथा, 4 मे: सुपेर्गा

सकाळपासून आभाळ खाली आलेलं. पायथ्याच्या सास्सीपासून टेकडीवर दातेरी रुळांची जुनी ट्राम जाते. ती बंद असेल तेव्हा बस असते. पण 4 मेला खूप लोक चालत चढतात. आण्णा म्हणाले, "जोतिबाला गुडघा आडवा आला नाही, इथं का येईल?" चढ चारेकशे मीटरचा आहे. झाडीतून पायवाट जाते, पावसाने निसरडी. चांगले बूट आणि काठी असल्याशिवाय वयस्क माणसाला नेऊ नका. आम्हाला अडीच तास लागले.

वाटेवर डाळिंबी शाली, डाळिंबी झेंडे. बाप खांद्यावर पोर घेऊन चाललेला. ऐंशी-पंच्याऐंशीची एक आजी नातवाचा हात धरून, दर वळणावर थांबत. आरडाओरडा अजिबात नाही. गुलाल नसलेली यात्राच म्हणा. एका वळणावर चार तरुण पोरांनी आण्णांना बसायला आपली जर्किनं दगडावर अंथरली, आणि कुठून आलात ते विचारलं. कोल्हापूर हे नाव त्यांनी तीनदा म्हणून बघितलं.

वर वास्तुकार युवाराने बांधलेली बासिलिका, म्हणजे मोठं चर्च, 1731 सालची, पिवळ्या भिंती आणि मोठा घुमट. स्वच्छ दिवशी इथून आल्प्सची रांग दिसते. आम्हाला फक्त ढग दिसले. आण्णांना त्याचं काही वाटलं नाही. "त्या दिवशी असंच असणार," म्हणाले.

त्या दिवशीचं इतकंच सांगते. 27 फेब्रुवारी 1949 ला जेनोआत इटली-पोर्तुगाल सामना झाला. तिथे मात्सोलाची आणि लिस्बनच्या बेन्फिका क्लबचा कप्तान फ्रान्सिस्को फेरेइराची मैत्री झाली. फेरेइराच्या गौरव सामन्यासाठी तोरिनो लिस्बनला जाईल, असं ठरलं. 3 मे रोजी सामना झाला, बेन्फिका 4–3 ने जिंकली. दुसऱ्या दिवशी परत येताना पाऊस, वारा, टेकडीवर दाट धुकं. संध्याकाळी पाच वाजून काही मिनिटांनी विमान बासिलिकेच्या मागच्या बांधावर आदळलं. 31 माणसं होती, त्यांत 18 खेळाडू. कुणीच वाचलं नाही. 1934 आणि 1938 चे विश्वचषक इटलीला जिंकून देणारे प्रशिक्षक वित्तोरिओ पोत्सो यांनी वर येऊन एकेकाची ओळख पटवली. ती पोरं त्यांनीच देशासाठी खेळवलेली होती. 6 मेच्या अंत्ययात्रेला पाच लाखांवर लोक आले. मोसमाचे चार सामने उरले होते. तोरिनोने कुमार संघ उतरवला, समोरच्या क्लबांनीही आपापली कुमार मुलंच उतरवली. चारही तोरिनोने जिंकले.

मागच्या बाजूला भिंतीवर दगडी फलक आहे, फोटो आहेत, खाली फुलांचा आणि शालींचा ढीग. पोर्तुगालच्या क्लबांच्या शाली, अर्जेंटिनाच्या, इंग्लंडच्या. आण्णांनी पिशवीतून आपल्या तालमीची जुनी जर्सी काढली. धुऊन, इस्त्री करून आणली होती, मला पत्ताच नव्हता. एका कडेला, कुणाच्या शालीवर जाणार नाही अशी बेताने ठेवली.

प्रार्थनेनंतर संघ आला. त्यांचा कप्तान फलकासमोर उभा राहून एकेक नाव वाचू लागला. विशी-पंचविशीतला मुलगा, कागद धरलेला हात हलत होता. हजारो माणसं, आणि ऐकू येत होता तो फक्त त्याचा आवाज आणि झाडांवरून गळणारं पाणी. मात्सोलाचं नाव आलं तेव्हा आण्णांनी डोक्यावरची टोपी काढली. नंतर टाळ्या झाल्या, त्या थांबतच नव्हत्या.

शेजारच्या गृहस्थांनी सान्द्रोचं सांगितलं. बाप गेला तेव्हा तो सहा वर्षांचा. पुढे तो मिलानच्या इंटर क्लबचा मोठा खेळाडू झाला. 1964 च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात त्याने रेआल माद्रिदला दोन गोल मारले. सामना संपल्यावर तेव्हा रेआलकडून खेळणारा पुश्काश त्याच्याजवळ आला: मी तुझ्या वडिलांविरुद्ध खेळलोय, तू त्यांना शोभतोस. आणि आपली जर्सी त्याला दिली.

उतरताना मात्र बस घेतली. गुडघ्याने नकार दिला होता. 4 मेला खाली जायच्या बसला तासभर रांग असते, गरम कपडे हवेतच. रांगेत मला आठवलं ते आण्णांना सांगितलं. 1950 च्या विश्वचषकाला इटलीचा संघ विमानात बसायला तयार नव्हता, तो बोटीने ब्राझीलला गेला. त्यांच्या गटात स्वीडन, पराग्वे आणि चौथा देश भारत होता. आपण गेलो नाही. नाहीतर आपली पोरं इटलीसमोर उभी राहिली असती.

आण्णा बराच वेळ गप्प होते. "आणि हे असते तर समोर मात्सोला असता," ते म्हणाले.

मग त्यांनी बहिणीला गाडीच्या तिकिटामागे ती अकरा नावं मराठीत लिहून द्यायला सांगितली. इथली म्हातारी माणसं श्लोकासारखी एका दमात म्हणतात तशी, खेळण्याच्या क्रमाने. बसच्या खिडकीशी बसून, चष्मा कपाळावर चढवून, ते ओठांत पुटपुटत राहिले: बाचिगालूपो, बाल्लारिन, मारोसो, ग्रेझार, रिगामोन्ती, कास्तिल्यानो, मेन्ती, लोइक, गाबेत्तो, मात्सोला, ओस्सोला. पुढच्या सीटवरचे गृहस्थ मागे वळले, आणि चौथ्या नावापासून तेही त्यांच्याबरोबर म्हणू लागले.